शर्यत तोंडावर आणि नाक गळतंय

(लांब पल्ल्याचे धावपटू आणि त्यांचे प्रशिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

स्पर्धा आठ-दहा दिवसांवर आली की सरावाबद्दल मला कुणीच काही विचारत नाही. विचारणा होते ती गोळ्यांची. ‘घशात जरा खवखवतंय, आत्ताच काहीतरी घेऊन टाकू का?’

या भीतीला आधार आहे. १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोक सर्दी-पडशाने आजारी पडले. तशीच तयारी असलेले, पण त्या दिवशी न धावलेले जे होते, त्यांच्यात हे प्रमाण २.२ टक्के होतं. जबर श्रमानंतर काही तास प्रतिकारशक्ती खचते, असं त्यानंतर बरीच वर्षं मानलं गेलं. आता काही शास्त्रज्ञ म्हणतात, दोष धावण्याचा नाही. प्रवास, गर्दी, धास्ती आणि उडालेली झोप यांचा आहे. वाद मिटलेला नाही. पण त्यातलं धावणं तुम्ही सोडणार नाही आहात, तेव्हा उरलेल्या चार गोष्टींकडेच बघू.

सर्दीचे विषाणू पुष्कळ. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, म्हणून सर्दीची लस नाही. विषाणू शिरल्यापासून नाक गळायला लागेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस जातात. म्हणजे रविवारची शर्यत बिघडवणारी सर्दी बहुधा गुरुवार ते शनिवार या दिवसांतच चिकटलेली असते. नेमके हेच दिवस आपण कुठे घालवतो? प्रवासात, नोंदणीच्या रांगेत, बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायच्या गर्दीत. तिथे शंभर जणांनी धरलेला कठडा आपण धरतो आणि त्याच हाताने डोळा चोळतो. साबण आणि पाणी वापरा, घाई न करता. खिशातल्या सॅनिटायझरवर फार विसंबू नका. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलला तो तितकासा दाद देत नाही. पाण्याची बाटली आणि टॉवेल ज्याचा त्याचा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होतेच. त्यांना जवळ घेऊ नका असं मी कसं सांगू? हात धुवा, एवढंच सांगतो.

झोपेबद्दल मात्र मी हट्टी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या झोपेची आधी आठवडाभर नोंद ठेवली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू थेंबांनी सोडला. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, ती कुणालाच लागत नाही. तिची काळजी सोडा. त्याआधीचा आठवडा सांभाळा.

क जीवनसत्त्वाचं विचारणारच तुम्ही. सर्वसामान्य माणसाची सर्दी त्याने टळत नाही. पण मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा ५९८ जणांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसतं. मात्र त्यांनी ते आधीपासून रोज घेतलं होतं. नाक गळायला लागल्यावर मूठभर गोळ्या गिळून पोट तेवढं बिघडेल. गुळण्यांचं म्हणाल तर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी चाचणीत साध्या पाण्याच्या गुळण्यांनी फायदा दिसला, आयोडीनच्या औषधाने तसा दिसला नाही.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. सर्दी झाली तर एखादी शर्यत जाईल. सर्दीच्या औषधाने जिंकलेलं पदक जाऊ शकतं. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची सोळा वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकान हिचं वैयक्तिक सर्वसाधारण (सगळ्या साधनांवरचे गुण एकत्र धरायच्या) प्रकारातलं सुवर्ण काढून घेतलं. संघाच्या डॉक्टरने दिलेल्या सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन हे तेव्हा बंदी असलेलं उत्तेजक होतं. दोन वर्षांनी ब्रिटनचा स्कीपटू अ‍ॅलन बॅक्स्टर याने हिवाळी ऑलिंपिकमधलं कांस्य गमावलं, ते नाक मोकळं करायच्या नळीपायी. घरी तो वापरायचा त्याच नावाची नळी त्याने अमेरिकेत विकत घेतली होती, पण तिथे आत वेगळं, बंदी असलेलं रसायन होतं. दोघांनीही लबाडी केली नव्हती, तरी पदकं परत मिळाली नाहीत. आजही स्पर्धेच्या काळात लघवीत स्यूडोएफेड्रिन दर मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं की तो डोपिंगचा गुन्हा ठरू शकतो. ‘वनस्पतीजन्य आहे’ या शब्दावर जाऊ नका, त्याच जातीचं उत्तेजक एफेड्रिन मुळात वनस्पतीतूनच मिळतं. पाकिटावरची नावं वाचा, डॉक्टरला आपण स्पर्धेत उतरतो हे आधी सांगा. आणि अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही.

एवढं करूनही सर्दी झालीच, तर? त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक, शिंका, घशात थोडी खवखव, तर दहा मिनिटं हलकं पळून बघा. बरं वाटलं तर पुढे जा. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, बसल्या जागी धडधड, यातलं काहीही असेल तर धावायचं नाही. विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूपर्यंत गेली असेल तर जोराचा व्यायाम जिवावर बेततो.

शेवटचं प्रशिक्षकांना. २०१८च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या ४४ खेळाडूंपैकी २० जणांना आणि ६८ कर्मचाऱ्यांपैकी २२ जणांना सर्दीची लक्षणं झाली होती. म्हणजे मास्क आणि साबण तुम्हालाही लागतो. आणि पोरं सर्दी लपवतात, कारण सांगितलं की संघातून नाव जाईल असं त्यांना वाटतं. मग एकाचं तिघांना होतं. सांगणाऱ्याला वेगळी खोली द्या, जेवायला वेगळं बसवा, पण नाव कापायचा निर्णय त्याच संध्याकाळी घेऊ नका.