मॉडेलने सॉर्ट केलं तर

[पडद्यावर चार आकडे: १०, ९, २, १]

जावास्क्रिप्टमध्ये हे आकडे ॲरेत, म्हणजे यादीत, ठेवून नुसतं सॉर्ट ही क्रम लावणारी मेथड वापरली, की उत्तर येतं १, १०, २, ९. तुलनेचं फंक्शन दिलेलं नसेल तर ही मेथड आकड्यांची आधी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, करते, मग क्रम लावते. आता हेच काम कोडऐवजी लँग्वेज मॉडेलला, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयला, सांगून पाहू. सांगताना प्रोग्रामिंगच्या भाषेचं नाव घेतलं नाही, तर ते बहुधा १, २, ९, १० देईल. मॉडेलकडून मेथडची नक्कल करून घ्यायची तर ती तिच्या खोडींसकट करायला हवी. पायथन ३ मध्ये राउंडला, म्हणजे जवळचा पूर्णांक देणाऱ्या फंक्शनला, २.५ दिलं की २ मिळतात, जावास्क्रिप्टमध्ये ३. म्हणून प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनेत, भाषा, आवृत्ती आणि मेथडचं पूर्ण नाव लिहायचंच.

बाकी मांडणी छोटी आहे. एक फंक्शन इनपुटचं जेसन (माहिती ठरावीक साच्यात लिहिण्याची पद्धत) करतं, प्रॉम्प्टला जोडतं आणि उत्तरही जेसनमध्येच मागतं. टेंपरेचर, म्हणजे उत्तरात किती फेरफार होऊ द्यायचा याची सेटिंग, शून्य ठेवा. उत्तरं बरीच स्थिरावतात, तरी दर वेळी तेच येईल अशी हमी नसते. मॉडेल कधी कधी उत्तराआधी एखादं वाक्य लिहितं आणि पार्सर, म्हणजे जेसन वाचणारा कोड, तिथेच अडतो. स्कीमा, म्हणजे उत्तराचा साचा, ठरवून देण्याची सोय असेल तर ती वापरा.

[पडद्यावर: मराठी]

स्ट्रिंग उलटी करणं मॉडेलला जड जातं, कारण त्याच्यापुढे सुटी अक्षरं नसतात, टोकन, म्हणजे मजकुराचे तुकडे, असतात. लांब स्ट्रिंगमध्ये एखादं अक्षर गळतं, दोन जागा बदलतात. देवनागरीत आणखी एक पेच आहे. पायथनच्या लेखी ‘मराठी’ची लांबी ५: म, र, काना, ठ, वेलांटी. उलटं केल्यावर वेलांटी सगळ्यांत पुढे येते, अक्षराच्या आधाराविना. मॉडेल ‘ठीराम’ असं देऊ शकतं. वाचायला ते बरं आहे, पण पायथनचं उत्तर ते नव्हे.

अशा चुका एरर देत नाहीत, म्हणून तपासणी कोडने करावी. सॉर्टनंतर घटक तेच आणि तितकेच आहेत का, आणि प्रत्येक घटक पुढच्यापेक्षा मोठा नाही ना, एवढं पाहिलं की पुरतं. लांब यादीत घटक गाळले जाणं किंवा नवेच घुसणं घडू शकतं.

आकड्यांसाठी हा खटाटोप मॉडेलची मर्यादा पाहण्यापुरताच करावा. खरा उपयोग अर्थाच्या कामात आहे. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी निवडायच्या आहेत आणि एकाने लिहिलंय, ‘नळ तीन दिवस कोरडा आहे.’ ‘पाणी’ शब्द शोधणाऱ्या फिल्टरला ही तक्रार सापडणार नाही, मॉडेलला सापडते. मात्र तक्रारींना क्रमांक देऊन ठेवा; मॉडेलकडे मजकूर परत मागू नका, क्रमांक मागा. टोकन वाचतात, आणि तक्रारीची शब्दरचना बदलण्याची संधीच मॉडेलला मिळत नाही. यादी मोठी असेल तर तुकडे करून पाठवा. फिल्टरमध्ये प्रत्येक घटकाचा निकाल स्वतंत्र असतो, त्यामुळे तुकडे सरळ जोडता येतात.

तातडीनुसार क्रम लावताना मात्र मॉडेलला सॉर्टचं तुलनेचं फंक्शन करू नका. पहिली तक्रार दुसरीपेक्षा तातडीची, दुसरी तिसरीपेक्षा आणि तिसरी पुन्हा पहिलीपेक्षा, असं चक्र ते करून बसतं; मग सॉर्टच्या निकालाला अर्थ उरत नाही. त्याऐवजी प्रत्येक तक्रारीला १ ते १० गुण मागा, आणि क्रम भाषेच्या स्वतःच्या सॉर्टला लावू द्या. समान गुणांच्या तक्रारी आल्या त्याच क्रमाने राहतील, कारण एक्मास्क्रिप्ट २०१९ पासून (एक्मास्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टचं प्रमाण ठरवणारा दस्तऐवज) जावास्क्रिप्टचं सॉर्ट स्टेबल, म्हणजे समान घटकांचा मूळ क्रम न बदलणारं, असणं बंधनकारक आहे.