खांबासारखं सफरचंद: फळं तोडा म्हटलं की रागावता कशाला?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागे एक उंच, सडसडीत झाड दिसलं आणि कमेंटमध्ये एकच धोशा: "ताई, मागे काठी कसली रोवलीय?" काठी नाही हो, सफरचंद आहे ते. कॉलमनर. बाजूला पसरत नाही, खांबासारखं सरळ वर जातं आणि फळं खोडालाच चिकटून लागतात.

ही काही छाटणीची करामत नाही बरं का. १९६० च्या दशकात कॅनडात, केलोना इथल्या एका बागेत मॅकिंटॉश सफरचंदाच्या झाडावर एक फांदी वेगळीच निघाली. जाड, पेरं आखूड, फाटे जवळजवळ नाहीतच. तिच्यापासून पुढे इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात संकर झाले आणि बॅलेरिना नावाखाली बोलेरो, पोल्का, वॉल्ट्झ या जाती आल्या. नासपती, चेरी, आलुबुखार यांची 'कॉलमनर' म्हणून विकली जाणारी बरीच झाडं मात्र ठेंगण्या खुंटावर, म्हणजे झाड बुटकं ठेवणाऱ्या मुळांच्या रोपावर, कलम करून, छाटून सडपातळ ठेवलेली असतात. कात्री थांबली की ती पसरतात. घेताना विचारून घ्या.

लागवडीचं पटापट सांगते, बहुतेकांना माहीतच आहे. भरपूर ऊन, निचरा होणारी माती, कुंडी असेल तर चाळीस-पन्नास लिटरची. जमिनीत दोन झाडांमध्ये दोन-अडीच फूट पुरतात. कलमाचा सांधा मातीच्या वरच राहू द्या. तो पुरलात तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि ठेंगण्या खुंटाचा उपयोग संपतो. एकाच वेळी फुलणाऱ्या दोन वेगळ्या जाती लावा, एकाच जातीची दोन नकोत. आणि सफरचंदाला हिवाळ्यात शेकडो तास ७ अंशांखालची थंडी लागते. ती मिळत नसेल तर डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, नीट फुटत नाहीत, तिथे खतानं काही होत नाही.

झालं. आता मुद्द्यावर येते. विरळणी.

दर वेळी मी म्हणते, फळं बोराएवढी झाली की एका गुच्छात एकच ठेवा, बाकीची काढा. आणि दर वेळी खाली कमेंट येतात. "जीव होत नाही." "देवानं दिलंय ते तोडायचं?" एकीनं तर मला निर्दयी म्हटलं. अहो, मीही अशीच होते! माझ्या झाडानं तिसऱ्या वर्षी भरभरून फळं धरली. मी मोजली, ६३. एकालाही हात लावला नाही. निघाली कशी? लिंबाएवढी, आंबट, निम्मी तर नुसती साल आणि बी. बरं, तेही सोसलं असतं. पुढच्या वसंतात झाडावर एक फूल नाही. नुसती पानं. त्याच्या पुढच्या वर्षी परत ढीग.

याला वर्षाआड बहार म्हणतात, आणि या खांबासारख्या झाडांना ती खोड जरा जास्तच असते. कारण ऐका. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे झाड याच उन्हाळ्यात तयार करतं. कोवळ्या फळातल्या बिया जिबरेलिन नावाचं संजीवक सोडतात आणि ते शेजारच्या डोळ्याला फूल होऊ देत नाही. म्हणजे आज तुम्ही ठेवलेलं पाचवं फळ पुढच्या वर्षीचं फूल अडवून बसलेलं असतं.

"पण ताई, झाड स्वतःच फळं गाळतं ना, मग थांबू की!" हा सगळ्यात लाडका प्रश्न. गाळतं, खरंय. पण बहरानंतर दीड-दोन महिन्यांनी. तोवर बियांचा निरोप डोळ्यांना पोचलेला असतो. तेव्हा तोडून उरलेली फळं मोठी होतील, पुढच्या वर्षीची फुलं परत येणार नाहीत. म्हणून मी दोनदा करते: एकदा लवकर, सढळ हातानं, आणि गळ झाल्यावर उरलंसुरलं.

अजून पटत नसेल तर पानं मोजा. एक सफरचंद नीट पोसायला साधारण ३०-४० पानं लागतात. आता या खांबावर किती पानं आहेत ते बघा, आणि त्यांना ६३ नं भागून मला सांगा.

(कॅमेरा जवळ घे.) हा गुच्छ बघा. पाच फळं. मधलं सगळ्यात जाड देठाचं, ते ठेवायचं. हे डागाळलेलं आधी काढलं. ओढायचं नाही, ओढलं तर फळ धरणारी आखूड फांदीच मोडते आणि पुढची कितीतरी वर्षं तिथे फळ नाही. छोट्या कात्रीनं देठ कापा. ठेवलेल्या दोन फळांच्या मध्ये मूठ मावली पाहिजे.

आणि एक, कात्री हातात आहे म्हणून शेंडा कापू नका! एका दादांनी फोटो पाठवला, झाडाचा त्रिशूळ झालाय. शेंडा गेला की खालचे दोन-तीन डोळे एकदम उठतात. आजूबाजूला चुकार फाटा आला तर उन्हाळ्यात दोन-तीन पानं ठेवून तोडा, शेंड्याला हात नको.

ज्यांचं झाड यंदा मोकळं गेलंय, त्यांनी पुढच्या वसंतात गाफील राहू नका. तेव्हा फुलांचा पूर येणार. फळं धरायची वाटच बघू नका, निम्मे फुलांचे गुच्छ तेव्हाच खुडा.

हां, हे वरचं फळ दिसतंय? लाल दोरा बांधलेलं? तो आईनं बांधलाय, 'याला हात लावायचा नाही' म्हणून. नाही लावला. त्याच्या शेजारची चारही मात्र काढलीत.