एकाच ओढ्यावरचे दोन गवई

ऐकताय ना? पहाट व्हायचीय अजून, सह्याद्रीतला ओढा पावसाने नुसता धो धो वाहतोय, आणि एवढ्या कल्लोळातून पण ही शीळ आरपार येतेय. हा कस्तूर पक्षी. निळा-काळा, साधारण २५ सेंटीमीटरचा. इंग्रजांनी याला शिट्टी मारणारा शाळकरी पोरगा म्हटलं ते उगाच नाही, चाल अर्धवट आठवल्यासारखं मध्येच थांबतो, मग कुठूनही परत सुरू.

आता जरा खाली या, शेवाळलेल्या कातळाजवळ, ओढ्यावर झुकलेल्या त्या पानावर. हा बॉम्बे नाईट फ्रॉग. नावात बॉम्बे असलं तरी राहतो इथे ओढ्याकाठी, आणि याची ड्युटी रात्रीची. म्हणजे एकाची शिफ्ट संपत आली की दुसऱ्याची सुरू.

गळे मात्र एकदम वेगळे. पक्ष्याची श्वासनळी छातीत जिथे दोन फाट्यांत फुटते तिथेच त्याचं आवाजाचं यंत्र, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात, म्हणून तर सूर असे घसरत वळत जातात. बेडूक तोंड मिटूनच ओरडतो! फुप्फुसातली हवा गळ्याच्या पिशवीत ढकलायची, परत आत घ्यायची, तीच हवा पुन्हा पुन्हा. आणि गाणारे पक्षी मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात, बेडकाला कोण शिकवणार, तो जन्मतःच पाठ करून आलेला असतो.

पण मला विचाराल तर जास्त भारी बेडूकच. याची मादीसुद्धा ओरडते, बेडकांमध्ये हे फार कमी दिसतं. २०१६ साली आलेल्या अभ्यासात अजून एक गंमत कळली, बाकीचे बेडूक मादीला घट्ट मिठी मारून बसतात ना, हा पठ्ठ्या तसं करतच नाही, तिच्या पाठीवर बसतो पण हात टेकवतो पानावर.

त्याच्या शास्त्रीय नावातलं हुमायुनी हे कुणाचं माहितीये? हुमायून अब्दुलअली यांचं. आणि ते स्वतः पक्षीतज्ज्ञ! बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणून पण तेच भांडले, १९८७ मध्ये बंदी आली.

कस्तूरला यातलं काही माहीत नाही अर्थात. त्याला किडे, खेकडे चालतात, तसे बेडूकही चालतात.

बरं, ते पान परत बघा. त्यावर थेंबासारखं चिकटलंय ना, ती बेडकाची अंडी आहेत. पिल्लं बाहेर आली की तिथूनच टपकन खाली, सरळ ओढ्यात.