पंप का गेला, ते आधी शोधा

मंडळी, मे महिना लागला आणि पारा ४५ अंशांकडे सरकला की आपल्याकडच्या गॅरेजात एकच तक्रार वारंवार येते. गाडी गावात नीट चालते, पण चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पिकअप सोडते. किंवा जळगावहून धुळ्याला निघालेली गाडी पारोळ्याला चहापुरती उन्हात थांबते, मग सेल्फ मारून मारून चालू होत नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप होते. ही लक्षणं फ्यूएल पंपाची, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाची असू शकतात, हे खरं. पण लगेच नवा पंप बसवून गाडी दिली आणि जुना कशाने गेला ते बघितलंच नाही, तर नवाही त्याच वाटेने जातो. गाडीवाल्याचे पैसे दोनदा जातात. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला असतो. पेट्रोल त्याच्या मोटरच्या आतून, ब्रश आणि आर्मेचरवरून वाहत जातं. तेच त्याचं वंगण आणि तेच त्याला थंड ठेवणारं पाणी समजा. गाडी कायम रिझर्व्हवर चालवली तर पंप उघडा पडतो. तेच थोडं पेट्रोल तापतं आणि पंपाच्या तोंडाशी त्याची वाफ होते. वाफ ओढणारा पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि लवकर झिजतो. म्हणून खानदेशातल्या उन्हाळ्यात काटा पावच्या खाली जाऊ देऊ नये.

आता फिल्टर. एक पंपाच्या तोंडाला बसलेली जाळी, दुसरा पंपानंतरचा कागदी फिल्टर. जाळी मोठा कचरा अडवते, कागद बारीक. दोन्ही तुंबतात, पण पंपाला दोन वेगळ्या तऱ्हेने मारतात. जाळी तुंबली तर पंप उपाशी राहतो. कागद तुंबला तर पंपाला पुढे ढकलायला जोर लागतो, मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं, कपलरची, म्हणजे पंपाच्या वायरी जोडणाऱ्या सॉकेटची, पिन काळी पडून वितळते. कागदी फिल्टर चेसिसखाली बाहेर असेल तर तो वेळच्या वेळी बदलता येतो. बसवताना बाण इंजिनाकडे हवा. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र तो टाकीतल्या असेंब्लीतच, म्हणजे पंप, जाळी आणि फ्लोट यांच्या एकत्र संचातच असतो, वेगळा दिसत नाही, म्हणून विसरला जातो.

पंपाला हात लावण्याआधी चावी ऑन करा आणि मागच्या सीटजवळ कान द्या. साधारण दोन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर फ्यूज, रिले (पंपाला करंट सोडणारा स्विच) आणि मग कपलरवर व्होल्टेज, या क्रमाने जा. व्होल्टेज पंप चालू असतानाच मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टने कमी दिसत असेल तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे. नवा पंपही तिथे रडतच चालेल. आवाज असेल तर प्रेशर गेज लावा. बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. उभ्या गाडीवर प्रेशर बरोबर आणि घाटात जोर लागताच पडलं, तर आधी फिल्टरवर संशय घ्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत इंजिनाकडची हाय प्रेशर लाइन सैल करू नका, ते प्रेशर फार मोठं असतं.

बदलायचं ठरलं की टाकी पाव किंवा त्याहून कमी ठेवा. गाडी उघड्या हवेत घ्या. शेजारी वेल्डिंग, ग्राइंडर, बिडी काहीही नको. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल. मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा, लाइनमधलं प्रेशर उतरतं. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. बहुतेक गाड्यांत मागची सीट उचलली की झाकण दिसतं; काही गाड्यांत टाकीच उतरवावी लागते. झाकणाखाली आपल्या रस्त्यांची धूळ आणि कापसाचे तंतू साचलेले असतात. ब्रशने, व्हॅक्यूमने ते आधी साफ करा, नाहीतर सगळं टाकीत पडतं. पाइपाचे क्विक कनेक्टर दोन्ही बाजूंनी दाबून सोडवा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. असेंब्ली टाकीवर आवळून धरणाऱ्या लॉक रिंगसाठी तिचं टूल नसेल तर लाकडाचा तुकडा वापरा. लोखंडी छिन्नी वापरू नका, ठिणगी पडते. असेंब्ली तिरकी करून काढा. फ्लोटचा दांडा वाकला की पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलतो.

आता ती जाळी पांढऱ्या फडक्यावर ठेवून उजेडात बघा. तांबूस पूड म्हणजे टाकीत किंवा भरलेल्या इंधनात गंज. काळा चिकट थर म्हणजे जुना गाळ, किंवा विरघळणारं रबर. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुना गाळ सोडवून जाळीवर आणतं, शिवाय ते पाणी धरतं. पाणी वाढलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि जाळी तळाशीच असते. टाकी कोरडी, स्वच्छ केल्याशिवाय नवा पंप सोडू नका.

फक्त मोटर बदलत असाल तर आतला पाइप पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलाच घ्या. साधा पाइप बाहेरून फुगतो, चिरतो, आणि प्रेशर टाकीतच गळतं. तेव्हा गाडीवाला परत येतो आणि नवा पंप खराब निघाला म्हणतो. झाकणाखालची जुनी ओ-रिंग (रबरी सील) फुगलेली असते, ती परत बसत नाही; नवी लावा, ग्रीस लावू नका. असेंब्लीवरची खूण टाकीच्या खुणेसमोर आणून रिंग आवळा.

चालू करण्याआधी टाकीत किमान ५ लिटर पेट्रोल टाका, कोरडा पंप काही सेकंदही फिरवू नका. फ्यूज आणि बॅटरीची निगेटिव्ह परत लावून चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबा, म्हणजे लाइन भरते. मग इंजिन चालू करून हाताने कनेक्टर, डोळ्यांनी रिंग तपासा. बंद केल्यावर पाच मिनिटं गेजकडे लक्ष ठेवा. काटा झरझर खाली आला तर झाकण लावू नका. चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटं येऊ न देणारी झडप), आतला पाइप किंवा इंजेक्टर, कुठेतरी गळतं आहे.