जुना सागरी सेट: आधी वीज, मग फ्रीक्वेन्सी

मंडळी, टेबलावर झाकण काढून ठेवलाय तो नौकेवरचा जुना शॉर्टवेव्ह सेट आहे. सिंगल साइडबँड, म्हणजे मूळ वाहक लहरीच्या एकाच बाजूचा पट्टा पाठवणारा, १५० वॅटचा. असा सेट हाती आला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात आणखी चॅनेल घालता येतील का, पॉवर वाढवता येईल का? मी त्यांना उलट विचारतो, तुम्ही बोलत असताना सेटच्या मागच्या टर्मिनलवर किती व्होल्ट असतात? हे बहुतेकांनी कधी मोजलेलं नसतं.

सुरुवात तिथूनच करा. पूर्ण पॉवरला हा सेट जवळजवळ ३० अँपिअर ओढतो. समजा बॅटरी पाच मीटरवर आहे आणि कुणीतरी अडीच चौरस मिलिमीटरची तार टाकली आहे. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं. त्याचा रोध साधारण ०.०७ ओहम. म्हणजे तीस अँपिअरला दोन व्होल्टच्या वर वाटेतच गेले, आणि त्यात फ्यूजहोल्डर आणि तारेच्या टोकाच्या गंजलेल्या लगची भर पडली नाही तर नशीब. बॅटरीवर १२.६ असले तरी सेटला साडेदहासुद्धा मिळत नाहीत. गंमत अशी की तुम्ही गप्प असताना सगळं ठीक दिसतं. शब्दागणिक व्होल्टेज खाली जातं, आतला रेग्युलेटर हात टेकतो, फ्रीक्वेन्सी तयार करणारा ऑसिलेटर डगमगतो आणि पलीकडचा माणूस म्हणतो, ‘आवाज फाटतोय.’ मग लोक माइक बदलतात! तार सोळा चौरस मिलिमीटरची करा, तोटा पाव-अर्ध्या व्होल्टवर येतो. जुन्या सेटमध्ये यापेक्षा मोठी सुधारणा मला माहीत नाही.

तार झाली की आत बघा. भिंग घ्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी ओल दिसली, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक लागताच माशासारखा वास आला, तर तो गळतोय असं समजा. ते द्रव बोर्डाचं तांबं खातं. जुना काढा, जागा अल्कोहोलने पुसा, १०५ अंशांच्या दर्जाचा नवा घाला आणि ध्रुव दोनदा तपासा. मेमरीच्या लिथियम सेलला मात्र घाईने हात लावू नका. काही सेटमध्ये तो काढताच भरलेले सगळे चॅनेल पुसले जातात. आधी ते एकेक करून वहीत उतरवून घ्या. हे मी एकदा विसरलो होतो आणि दोन संध्याकाळी चॅनेल परत भरण्यात गेल्या.

आता माझ्या आवडीचा भाग, फ्रीक्वेन्सी. ज्यावर सेटची फ्रीक्वेन्सी ठरते तो आतला संदर्भ क्रिस्टल वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो. १६ मेगाहर्ट्झवर दशलक्षात एक भाग चूक म्हणजे १६ हर्ट्झ. बोलण्यात तेवढं कळत नाही, पण डेटा पाठवायचा असेल तर महागात पडतं. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्सहून डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे प्रमाणवेळ केंद्र ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर वाहक लहर सोडतं. सेट अर्धा तास तापू द्या, अप्पर साइडबँडवर, म्हणजे वरच्या बाजूच्या पट्ट्यावर, ९,९९९ किलोहर्ट्झ लावा. वाहक लहरीचा सूर बरोबर १,००० हर्ट्झ यायला हवा. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप उघडून स्पीकरजवळ धरा. सूर १,०१२ वर दिसला तर सेट बारा हर्ट्झ खाली आहे. संदर्भाची फ्रीक्वेन्सी किंचित हलवणाऱ्या ट्रिमरला, प्लास्टिकच्या पेचकसाने, केसभर फिरवा. थांबा, पुन्हा बघा. सेट थंड असताना आणि तापल्यावर आकडा पुष्कळ बदलत असेल, तर त्या जागी चांगला टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी फ्रीक्वेन्सी स्थिर ठेवणारा ऑसिलेटर, बसवणं योग्य. फक्त मूळ फ्रीक्वेन्सी आणि आउटपुटची पातळी जुळायला हवी.

डेटासाठी संगणक जोडताना ऑडिओच्या दोन्ही वाटांवर एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, नाहीतर ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन यंत्रांच्या जमिनीच्या तारांतून फिरणाऱ्या प्रवाहाचा, गुणगुणाट आलाच. पॉवर निम्म्याहून खाली ठेवा. बोलण्यात शिखरं क्षणभराची असतात, डेटात फायनल ट्रान्झिस्टर सलग राबतात आणि पंख्याला सवड मिळत नाही.

चॅनेल उघडण्याबद्दल थोडक्यात सांगतो. रिसीव्ह उघडणं वेगळं, ट्रान्समिट उघडणं वेगळं. जी फ्रीक्वेन्सी वापरण्याचा परवाना नाही तिथे प्रक्षेपण करू नका. हौशी बँडवर दहा मेगाहर्ट्झखाली लोअर साइडबँड चालतो आणि सागरी सेट अप्परच देतो, ही अडचणही आधी लक्षात घ्या. ज्या जहाजावर हा सेट नियमाने बंधनकारक आहे, तिथे आतले बदल करूच नयेत. मान्यताप्राप्त यंत्राचं ते मान्यतेचं शिक्कामोर्तब बदलांनंतर उरत नाही.

आणखी एक गंभीर गोष्ट. जीएमडीएसएस, म्हणजे समुद्रातल्या संकटसंदेशांची जागतिक व्यवस्था, १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली. त्यात संकटाची हाक आधी डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंगवर, म्हणजे आवाजाऐवजी डिजिटल संदेशाने, जाते, मध्यम लहरींवर २१८७.५ किलोहर्ट्झला, आणि आवाजी बोलणं २१८२ वर होतं. या जुन्या सेटमध्ये ती सोय नाही आणि जोडकाम करून ती खात्रीलायक होत नाही. म्हणून २१८२ वर कुणीतरी ऐकत असेल असं गृहीत धरून समुद्रात जाऊ नका, ईपीआयआरबी, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं छोटं यंत्र, वेगळं ठेवा.

शेवटी, सगळं बसवल्यावर ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी पॉवर जिरवणारा रोध, लावा आणि प्रत्येक बँडवर पॉवर, करंट व टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजा. हे आकडे तारखेसह कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वर्षी याच टर्मिनलवर मीटर लावाल तेव्हा काय घसरलं हे लगेच दिसेल. आता हा बोर्ड जवळून बघायला एकेक जण पुढे या, भिंग इथे आहे.