मचाणावर फोन कशाला काढायचा?

नोव्हेंबरमधला शनिवार, पहाटेचे साडेपाच, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं जंगल. अंधार मिट्ट आणि थंडीचं तर विचारूच नका. झाडाला लावलेल्या छोट्याशा मचाणावर एक माणूस बसलाय, अंगात भडक केशरी जॅकेट, पडू नये म्हणून अंगाला बांधलेला हार्नेस, मांडीवर रायफल. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी इथे हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा सीझन उघडतो, मोजून 9 दिवस. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळं बंद, इथे मात्र लायसन काढून बाप-लेक जोडीने जातात.

वर्षभर या दिवसाची वाट बघितली, आणि बसून वीस मिनिटं होत नाहीत तोच हात कुठे गेला? खिशात, फोनकडे.

आता गंमत बघा, ते केशरी जॅकेट दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसावं म्हणून सक्तीचं आहे, पण हरणाला लाल-केशरी रंग धड कळतच नाही. निळा मात्र त्याला झकास दिसतो. म्हणजे झुंजूमुंजू उजेडात स्क्रीन चालू केला की कपडे लपतात आणि तोंड तेवढं कंदिलासारखं टांगलेलं! त्यात स्क्रोल करणारा अंगठा, आणि हरणाची नजर आधी हलणाऱ्या गोष्टीवरच जाते.

काही जण तर अजून भारी, दुसऱ्या झाडावर लावलेल्या कॅमेऱ्याने पाठवलेले हरणाचे फोटो बघत बसतात आणि खरं हरीण यांच्याच मचाणाखालून निघून जातं. ते काय वाजतगाजत येणार आहे? पाचोळ्यात एक पाऊल, मग थांबणार, हवेचा वास घेणार, मग दुसरं. मान वर करेपर्यंत पांढरी शेपटी उभारून पसार.

फोन घरी ठेवा असं मात्र मी म्हणणार नाही. मचाणावरून पडलात तर मदतीला तोच, आणि हरीण मिळालं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत नोंदणी करावी लागते, तीही फोनवरून होते. आमच्या या गड्याने घरी सांगून ठेवलंय, दहा वाजता मेसेज करतो, तोवर काळजी नको. फोन सायलेंट करून आतल्या खिशात, चेन लावून, म्हणजे थंडीने बॅटरीही बसत नाही.

उजाडतंय. पाचोळ्यात खसखस. खार. पुन्हा खसखस, पुन्हा खारच.

तिसऱ्यांदा आवाज येतो तेव्हा तो मान वळवतो, अगदी सावकाश.