संगणक तिसऱ्या दिवशी उघडा

(साखर कारखान्यांतले अभियंते आणि कुपवाड-मिरज औद्योगिक वसाहतींतले उद्योजक यांच्यासमोर सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सिम्युलेशनची, म्हणजे कामाचं मॉडेल संगणकात चालवून बघण्याची, एखादी कार्यशाळा केलेली असणार. दोन दिवस, हॉटेलचा हॉल, दुपारी बुफे, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. पडद्यावर छोटे छोटे ट्रक पळतात, मशिनं लाल-हिरवी होतात, बघायला मजा येते. सोमवारी कामावर गेलं की ती फाइल मिटते ती कायमची. ट्रायल लायसन्सची मुदत कधी संपली हेही कुणाला कळत नाही. शिकणारे हुशार असतात, शिकवणारेही बरे असतात, पण क्रम उलटा लागलेला असतो. पहिल्या तासाला लॅपटॉप उघडला की माणूस सॉफ्टवेअर शिकतो आणि प्रश्न बाजूला राहतो.

म्हणून मघाशी तुम्हाला फाशांचा खेळ खेळायला लावला. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात तो कारखानदारीत लोकप्रिय केला. ज्यांना मागून दिसलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच जण ओळीत, प्रत्येकापुढे एक रिकामी वाटी. पहिला फासा टाकतो आणि जितकं दान पडेल तितक्या आगकाड्या दुसऱ्याच्या वाटीत घालतो. दुसरा फासा टाकतो, तितक्या तिसऱ्याला देतो. वाटीत तितक्या नसतील तर असतील त्या. फाशाची सरासरी साडेतीन. दहा फेऱ्या, म्हणजे शेवटच्या माणसाकडून 35 काड्या बाहेर यायला हव्यात. आल्या किती? 21. शेवटचे साहेब तर दोनदा सहाचं दान टाकूनही हात चोळत बसले होते, कारण वाटीत एकदा दोन आणि एकदा एकच काडी होती.

आता सांगा, यातला कामचुकार कोण? कुणीच नाही. पण हाच आकडा महिनाअखेरच्या मीटिंगला आला असता तर आपण शेवटच्या स्टेशनच्या सुपरवायझरला उभं केलं असतं. मागच्याचं वाईट नशीब पुढे सरकत जातं, चांगलं नशीब मात्र वाटी रिकामी असल्यामुळे वाया जातं. चढउतार सरासरीत जिरत नाहीत, ते साखळीत साचतात. सांगलीकरांना हे मी वेगळं सांगायला नको. कृष्णेची वर्षभराची सरासरी पातळी ऐकून आयर्विन पुलाजवळ राहणाऱ्या कुणाला झोप लागते का? तिथे इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, हेच आकडे तोंडपाठ असतात.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. रोज 5000 टनांच्या आसपास गाळप करणारा कारखाना. ताशी साधारण 200 टन. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या मिळून 17 टन धरले तर ताशी 12 गाड्या, म्हणजे सरासरी दर पाच मिनिटांना एक. हंगाम नुकताच सुरू झालाय, यार्ड अजून भरलेलं नाही, गाड्या येतील तशा काट्यावर जातायत. एका वजनाला सरासरी चार मिनिटं. कागदावर काटा पाचातली चार मिनिटं काम करतो आणि एक मिनिट मोकळा राहतो. मग रांग कशाला लागते?

घड्याळ घेऊन काट्याशेजारी उभं राहा. चार मिनिटं लागणारी गाडी तुम्हाला दिसणारच नाही. समजा, दहातल्या नऊ गाड्या अडीच मिनिटांत उतरतात. दहावीची चिठ्ठी आणि ट्रॉली जुळत नाही, गट नंबर चुकलेला असतो, शेतावर चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयला फोन लागत नाही, आणि तिला साडेसतरा मिनिटं लागतात. दोन्हींची सरासरी बरोबर चार. अशा काट्यावर येणाऱ्या गाडीला, आधीच्या गाड्यांमुळे, सरासरी 18 मिनिटं थांबावं लागतं. हे उत्तर 1930 च्या सुमाराला पोलाचेक आणि खिंचिन यांनी मांडलेल्या सूत्रातून येतं, कुणाच्या अंदाजातून नाही. आता चिठ्ठी काट्याच्या आधी, गेटवरच तपासा. एक टेबल, एक खुर्ची, एक माणूस. वाद असलेली गाडी बाजूला घ्या, मिटला की वजनाला पाठवा. प्रत्येक गाडीला अडीच मिनिटं. थांबणं किती उरतं? सव्वा मिनिट. 18 वरून सव्वा! आणि आपल्याकडे अशा वेळी पहिला प्रस्ताव कोणता येतो? दुसरा काटा बसवा.

(श्रोत्यांतून : सर, पण आमच्याकडे काटा मोकळा असला तरी यार्ड भरलेलंच असतं.)

बरोबर आहे, आणि खरा मुद्दा तुम्ही काढलात. भर हंगामात यार्डात 120 गाड्या उभ्या, तासाला 12 रिकाम्या होतात, म्हणजे नव्या गाडीचा नंबर दहा तासांनी. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये त्याची सिद्धता दिली. यार्डातली संख्या भागिले सुटण्याचा वेग, झालं. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटरही लागू नये. मिलला ऊस पुरवणाऱ्या गव्हाणीचा वेग ठरलेला असताना काटा कितीही पळवला तरी हे दहा तास कमी व्हायचे नाहीत. मग 120 गाड्या आत घेतल्या कशाला? भीतीपोटी. मिल 'नो केन'मुळे, म्हणजे ऊस नाही म्हणून, थांबली तर चीफ इंजिनिअर आणि शेतकी अधिकारी दोघांना जाब द्यावा लागतो. बाहेर गाड्या उभ्या असूनही गव्हाण रिकामी पडते, कारण काटा एका चिठ्ठीपायी अडलेला असतो. असं दोनदा झालं की शेतकी खातं तोडीचा प्रोग्राम वाढवून ठेवतं. म्हणजे काट्यावरच्या गोंधळाचा विमा म्हणून आपण यार्ड भरतो. गोंधळ घटला तर यार्डातला साठा घटवता येईल आणि तेव्हा ते दहा तास कमी होतील.

त्या दहा तासांची किंमत कुणाच्या खिशातून जाते हेही कार्यशाळेत बोललं पाहिजे. तोडलेला ऊस वाळतो, त्यातली साखर मोडते. जिथे रांग आधी आणि काटा नंतर, तिथे घटलेलं वजन शेतकऱ्याच्या नावावर पडतं, उतारा कारखान्याच्या नावावर. गाडीवान खेप हुकली म्हणून शिव्या घालतो, ते वेगळंच. मॉडेलमध्ये फक्त मिल थांबण्याचा खर्च घातलात तर मॉडेल म्हणणार, यार्ड आणखी भरा. ते खोटं बोलत नाही, तुम्ही विचारलंच तेवढं.

माझा आग्रह असा की कार्यशाळेचा पहिला दिवस फासे आणि हिशेब, दुसरा दिवस गेटवर. दुसरा दिवस सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. गेटचं रजिस्टर उघडा : सहा वाजता तीन गाड्या, सव्वासहाला चार, साडेसहाला तीन. सगळी वाहतूक पंधरा मिनिटांच्या ठोक्यावर येते की काय? वॉचमन जमेल तेव्हा लिहितो, अंदाजे लिहितो. काही पानांवर अख्ख्या पाळीच्या नोंदी एकाच दमात, एकाच शाईत असतात. असा डेटा महागड्या सॉफ्टवेअरमध्ये घातला की उत्तर दशांश चिन्हापुढे चार आकडे घेऊन येतं आणि आपण माना डोलावतो.

मग सिम्युलेशन हवंच कशाला? कारण सूत्र साध्या रांगेपुरतं चालतं. रात्री गाड्यांचा लोंढा, पाळी बदलताना वीस मिनिटं सुस्ती, बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या वेगळ्या रांगा, मध्येच ऊस मिलकडे नेणाऱ्या केन कॅरियरची साखळी तुटते; इथे सूत्र हात टेकतं. युक्ती तशी जुनी आहे. 1946 मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम हा गणिती आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत होता. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलेले काय वाईट, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यातून माँटे कार्लो पद्धत उभी राहिली. आणि संगणकाच्याही आधीपासून, 1916 पासून, पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचं पाण्याचं काम चालू आहे. तिथे नद्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृतींत पाणी सोडून बघतात. नदीत प्रयोग करण्यापेक्षा प्रतिकृतीत चूक झालेली परवडते.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडा. पायथन या संगणकभाषेतलं सिमपाय हे सिम्युलेशनचं साधन फुकट मिळतं, शिकायला ते पुरतं. तीन गोष्टींवर मात्र मी सूट देत नाही. मॉडेल रिकाम्या यार्डाने सुरू होतं, तुमचं यार्ड सकाळी सहाला रिकामं नसतं, म्हणून सुरुवातीचे तास हिशेबातून काढून टाका. एकदा चालवून निकाल सांगू नका; एक धाव म्हणजे एका दिवसाचं नशीब, तीसेक वेळा वेगवेगळ्या यादृच्छिक आकड्यांनी चालवा आणि उत्तर कुठून कुठपर्यंत हलतं ते सांगा. आणि सगळ्यात आधी मागच्या जानेवारीच्या गाड्या मॉडेलमध्ये सोडा. मागच्या जानेवारीची रांग ज्याला दाखवता येत नाही, त्याच्याकडून पुढच्या जानेवारीची ऐकून घेऊ नका.

शेवटचं, आणि हे इथे बसलेल्या मालक मंडळींना. तुम्ही पोरांना कार्यशाळेला पाठवता आणि स्वतः उद्घाटनाला येऊन जाता. पोरं परत येऊन सांगतात, साहेब, या सीएनसी मशिनवर 95 टक्के लोड आहे, 80 वर आणा. तुम्ही म्हणता, लाखांचं मशीन मोकळं ठेवू? सरासरी दहा मिनिटांचं काम, कामं कधीही येतात, प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त. अशा मशिनवर 80 टक्के लोडला काम सरासरी 40 मिनिटं खोळंबतं, 95 ला 190 मिनिटं. फासा हातात घेतलेला माणूस हे ऐकून घेतो. न घेतलेल्याला ती उधळपट्टी वाटते. म्हणून निर्णय ज्याच्या सहीने होतो त्याने निदान पहिला दिवस तरी पूर्ण बसावं. जमणार नसेल तर पोरांनाही पाठवू नका, त्यांची उमेद तरी शाबूत राहील.

पुढच्या बॅचला येणाऱ्यांनी आपापल्या गेटच्या किंवा मशिनच्या एका आठवड्याच्या नोंदी आणायच्या आहेत. झेरॉक्स चालेल, मोबाइलवरचा फोटो चालेल. आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ मात्र मिनिटासकट हवी, आणि ती त्याच वेळी लिहिलेली हवी.